दर माणशी सहा बदकं

गुरुदत्त खांबेटेनं उभ्या जन्मात मांसाहार केला नव्हता, बंदुकीला हात लावला नव्हता, आणि बदक जवळून पाहिलं होतं ते चौथीत असताना, पेशवे पार्कात, तेही सहलीच्या रांगेत मागून ढकललं जाता जाता. असं असूनही ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यातल्या प्रत्येक शिकाऱ्यानं दिवसाला जास्तीत जास्त किती बदकं मारावीत, हे गेली सहा वर्षं तोच ठरवत होता. ‘ठरवत होता’ हे त्याचं म्हणणं. ऑफिसातले बाकीचे म्हणत, गुरू स्प्रेडशीट बघतो.

तो मेलबर्नला आला होता स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करायला. पुढे अकरा वर्षं त्यानं एका विमा कंपनीत मोटारींच्या अपघातांचे अंदाज बांधले, आणि मग कंपनीनं एके दिवशी त्याच्याशिवायच अंदाज बांधायचं ठरवलं. चार महिने घरी बसल्यावर एक सरकारी जाहिरात दिसली: पाणपक्ष्यांच्या आकडेवारीसाठी माणूस हवा. गुरुदत्तला वाटलं, पक्षी वाचवायचं काम असणार. मुलाखतीत ग्लेनिस नावाच्या पांढऱ्या केसांच्या साहेबिणीनं विचारलं, “शिकारीबद्दल तुझी काही हरकत?” चार महिने घरी बसलेला माणूस ज्या सुरात बोलतो त्याच सुरात तो म्हणाला, “नो वरीज.” शिकारीचा इथे काय संबंध, ते त्याला पहिल्या सोमवारी कळलं.

काम मात्र त्याला आवडलं. इथली बदकं शहाण्यासारखी दरवर्षी ठरल्या महिन्यात ठरल्या वाटेनं ये-जा करत नाहीत. पाऊस जिथे पडेल तिथे शेकडो किलोमीटर उडत जातात, एखादं साल चांगलं गेलं तर पिलावळ भरमसाट वाढते, आणि दुष्काळ पडला की एकाएकी दिसेनाशी होतात. त्यामुळे शिकारीचे नियम एकदा करून कपाटात ठेवता येत नाहीत, दरवर्षी नव्यानं करावे लागतात. उन्हाळ्याच्या आधी माणसं हेलिकॉप्टरमधून तळी, धरणं, शेततळी, अगदी सांडपाण्याची कुंडंसुद्धा पालथी घालून बदकं मोजतात. ते आकडे गुरुदत्तकडे येतात. जी जात अडचणीत असेल तिचं नाव यादीतून काढायचं. उरलेल्यांतली किती मारली तर पुढच्या वर्षी तळी ओस पडणार नाहीत, ते बघायचं. मागच्या हंगामात शिकाऱ्यांनी स्वतः सांगितलेल्या शिकारीशी ते ताडायचं, आणि शेवटी एक आकडा लिहायचा. त्याला म्हणतात बॅग लिमिट: एका माणसाला एका दिवसात जास्तीत जास्त इतकी बदकं. मग शिकाऱ्यांच्या संघटना म्हणतात, दहा करा. पक्षी वाचवणारे म्हणतात, शून्य करा. शिफारस मंत्र्यांकडे जाते, आकडा जाहीर होतो आणि मार्चमध्ये हंगाम उघडतो.

पुण्यातल्या नातेवाइकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी गुरुदत्त पर्यावरण खात्यात होता. मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर निवेदकानं एकदा त्याची ‘पक्षीमित्र’ अशी ओळख करून दिली, आणि गुरुदत्तनं नमस्कार करून ती मुकाट्यानं घेतली. सत्कारात मिळालेला नारळ त्यानं घरी आणून दोन दिवस फोडला नाही.

आता त्याच्या शहाणपणाबद्दल. पहिल्या वर्षी त्यानं प्रामाणिकपणे पाच लिहिलं. जाहीर झालं सहा. दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, एक वाढला कुठून? गुरुदत्तनं विचारलं नाही, कारण उत्तर त्याला लहानपणापासून पाठ होतं. मंडईत भाजीवाला वीस म्हणाला की त्याच्या आईच्या तोंडून आपसूक बारा निघायचं, आणि पंधरा-सोळावर दोघंही खूश व्हायचे. पहिला आकडा मोडण्यासाठीच असतो. शिकारी ओढणार, मंत्री थोडं वाढवून देणार, ही जगरहाटी आहे. ऑस्ट्रेलियन लोक वरून सरळ दिसतात, पण घासाघीस कुणाला चुकली आहे?

म्हणून दुसऱ्या वर्षी गणित आठ सांगत होतं तेव्हा त्यानं सात लिहिलं. जाहीर झालं आठ. गुरुदत्त स्वतःवर इतका खूश झाला की येताना त्यानं वासंतीसाठी फुलं आणली. बायकोनं फुलांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय केलंस?”

हातचं राखणं हा त्याचा स्वभावच होता. घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असत. मंडळाच्या जेवणाला ऐंशी माणसं येणार असली तर तो केटररला साठ सांगे, कारण केटरर ऐंशींचं करतोच. डॉक्टरांनी रोज किती चालता विचारलं की दुप्पट सांगे, कारण ते निम्मंच धरणार. यातून आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं, फक्त एकदा श्रीखंड कमी पडलं होतं. तीच पद्धत त्यानं बदकांना लावली. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षीही एक कमी लिहिला, तो बरोबर परत आला. आपण सरकार कोळून प्यायलो आहोत, असं गुरुदत्तला वाटू लागलं.

सहाव्या वर्षी, डिसेंबरात, ग्लेनिस निवृत्त झाली आणि समुद्रकाठच्या एका गावात राहायला गेली. तिच्या जागी ब्रॉनविन आली. चाळिशीही न गाठलेली, मीटिंगला वेळेवर येणारी आणि वेळेवर उठणारी बाई. त्या वर्षी गणित सात सांगत होतं. गुरुदत्तनं रिवाजाप्रमाणे सहा लिहून पाठवलं आणि निवांत बसला.

फेब्रुवारीत जाहीर झालं: सहा.

त्यानं ईमेल तीनदा वाचली. मंत्र्यांनी घासाघीस केलीच नव्हती. आपण बारा म्हणावं आणि भाजीवाल्यानं चटकन पिशवीत माल टाकावा, की घेणारा पुन्हा पिशवीत डोकावून बघतो, तशी त्यानं ती ईमेल चौथ्यांदा उघडली. रविवारी सकाळी चहा घेताना त्यानं वासंतीला सगळं सांगितलं. वासंती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. कुठे दुखतंय ते बोट ठेवून शोधायची तिला सवय होती.

“म्हणजे पाच वर्षं तू खोटा आकडा लिहीत होतास?”

“खोटा नाही गं. बोलणी करण्यापुरता.”

“बोलणी कुणाशी? तुझ्याशी कुणी बोलत तरी होतं का?”

गुरुदत्तनं बिस्किट चहात बुडवलं. “दुसऱ्या बाजूनं बघ. प्रत्येक शिकाऱ्यामागे रोज एक जीव वाचणार. एका अर्थानं अहिंसाच झाली ही.”

“अहिंसा कसली आलीय? तुला त्या ब्रॉनविनची भीती वाटतेय. सांगितलंस तर नाक कापलं जाईल, एवढंच आहे ते. बदकांना मध्ये आणू नकोस.”

बिस्किट चहात पडलं. खरं तर बहुतेक शिकाऱ्यांना दिवसाला सहासुद्धा मिळत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण अहिंसेचा विचार त्याला इतका आवडला होता की तो त्यानं पुढचा आठवडाभर धरून ठेवला. गप्प बसणं आणि पुण्य मिळवणं एकाच वेळी होत असेल तर ते कोण सोडतो?

मग शनिवारी दुपारी डॅरिल भेटला. डॅरिल शेजारच्या घरात राहायचा. निवृत्त प्लंबर, वय अडुसष्ट. मेलबर्नच्या टोकाच्या या क्रेगीबर्नमध्ये नवी घरं उगवायच्या आधी, इथे नुसतं गवत होतं तेव्हापासूनचा. दरवर्षी मार्चमध्ये तो बिस्किट नावाच्या लॅब्रेडॉर कुत्रीला घेऊन उत्तरेकडच्या एका तळ्यावर बदकांच्या शिकारीला जायचा. गुरुदत्त काय काम करतो हे या गल्लीत नीट माहीत असलेला हा एकच माणूस, आणि त्याला त्याचा कोण अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आमचा गुरू आकडा काढतो.” वासंती आणि ग्लेनिस सोडल्या तर गुरुदत्तला इतकं महत्त्व कुणी दिलं नव्हतं, आणि त्या दोघींबद्दलही त्याला खात्री नव्हती.

डॅरिल दारातल्या गाडीला टेकून गुडघा चोळत होता. “सहा आलाय, गुरू.”

“बघितलं मी.”

“पक्ष्यांचं ठीक दिसत नाही, मेट. मला वाटलं होतं पाऊस बरा झालाय, सात-आठ तरी येतील. पण मी एका तळ्यावरून बोलणार, तुम्ही अख्खं राज्य वरून बघता.” त्यानं गुडघ्यावरचा हात काढला. “मी यंदा जात नाहीये. त्यांना एक वर्ष मोकळं सोडतो.”

“अरे, पण सहाला परवानगी आहे ना?”

“परवानगी आहे म्हणून मारलीच पाहिजेत असं थोडंच आहे? तीस वर्षं झाली, तुमच्या ऑफिसचा कागद माझ्या फ्रिजवर असतो. आकडा खाली आला की मी समजतो, पक्षी त्रासात आहेत. मला दुसरं कोण सांगणार?” त्यानं पुन्हा गुडघा चोळला. “पुढच्या वर्षी हे गुडघे चिखलात उतरतील की नाही कोण जाणे. पण चालायचंच.”

गुरुदत्त “हो, हो” म्हणत घरात आला आणि सोफ्यावर बसून राहिला. त्याला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. शाकाहारी तो होता, आणि बदकांची काळजी हा बंदूकवाला करत होता. जो आकडा गुरुदत्तनं भाव म्हणून लिहिला, तो या माणसानं पक्ष्यांची खुशाली म्हणून वाचला होता. मंडईतल्या कुणीही असा वाचला नसता. इथल्या एकानं वाचला आणि आपला बहुधा शेवटचा हंगाम सोडून दिला. अहिंसा तिथल्या तिथे संपली.

ब्रॉनविनकडे जायचं तर थोडा धीर हवा म्हणून सोमवारी सकाळी त्यानं ग्लेनिसला फोन लावला. मागे समुद्राचा आवाज येत होता. त्यानं घसा साफ करून सगळं कबूल केलं: आपण एक कमी लिहायचो, मंत्री एक वाढवायचे, यंदा मंत्र्यांनी वाढवला नाही.

ग्लेनिस म्हणाली, “गुरू, मंत्री कधीच वाढवत नव्हते. मी वाढवायचे.”

“म्हणजे?”

“तुझं गणित शेवटच्या पानापर्यंत चोख असायचं. शेवटच्या ओळीत मात्र एक पक्षी कमी व्हायचा. मी तो परत ठेवून फाइल वर पाठवायचे. आम्ही त्याला ‘गुरूचं बदक’ म्हणायचो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सगळेच.”

गुरुदत्तला पहिलं वर्ष आठवलं. “पण पहिल्या वर्षी मी पाच लिहिलं होतं, ते खरं होतं. त्याचं सहा कसं झालं?”

“दोन मोठ्या तळ्यांचे आकडे उशिरा आले होते. ते धरल्यावर सहा झालं. तुला ईमेल पाठवली होती मी.”

ती ईमेल गुरुदत्तनं उघडली नव्हती. उत्तर आधीच माहीत असलेला माणूस ईमेल कशाला उघडेल? “मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?” त्यानं विचारलं.

“वाटायचं, तू एक दिवस स्वतःच सांगशील. मग सवय झाली. जाताना ब्रॉनविनच्या कानावर घालायचं राहून गेलं, ती माझी चूक.” आणि ती म्हणाली, “आज सांग तिला.”

पाच वर्षं तो स्वतःला चाणक्य समजत होता, आणि ऑफिस चहाच्या वेळी त्याच्यावर हसत होतं. गुरुदत्तला वाटलं, आता याहून खाली जायला जागा नाही. ही गोष्ट एका परीनं सोयीची होती. त्या धिटाईवर तो ब्रॉनविनच्या खोलीत शिरला.

तिनं शेवटची दोन पानं वाचली. “गणित सात सांगतंय.”

“हो.”

“मग सहा का लिहिलंस?”

गुरुदत्तनं समजावायचा प्रयत्न केला. इंग्रजीत, पुण्याची मंडई, आई, वीस, बारा, पंधरा. मराठीत ही गोष्ट दोन वाक्यांत संपते. इंग्रजीत ती संपेना, आणि मध्येच कोथिंबीर फुकट मिळते हेही त्याच्या तोंडून निघून गेलं. ब्रॉनविननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही तिची थोरवी.

“आता मी मंत्र्यांना कोथिंबीर समजावून सांगू?” ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. दुरुस्ती जाहीर करायची, कारणासकट, एवढंच म्हणाली. मजकूर गुरुदत्तनंच लिहायचा होता. त्यानं तीन खर्डे केले आणि तिन्हींत ‘अतिदक्षतेपोटी’ हा शब्द वेगवेगळ्या जागी घुसवून पाहिला. ब्रॉनविननं तिन्ही वेळा तो खोडला. शेवटी उरलं ते असं: आकडा विश्लेषकानं शास्त्रीय कारणाशिवाय एकनं कमी केला होता, योग्य आकडा सात. गुरुदत्तला लेखी ताकीद मिळाली, आणि यापुढे त्याच्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागणार होती. सही करणारी मुलगी तेवीस वर्षांची होती. ती त्याला फार सांभाळून घ्यायची, आणि तेच जास्त लागायचं.

दुरुस्ती वेबसाइटवर येण्याच्या आदल्या दिवशी तो स्वतः डॅरिलकडे गेला. निदान हे तरी त्यानं कुणी न सांगता केलं. डॅरिल नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. त्यानं पाणी बंद केलं आणि सगळं ऐकलं. मंडईचा भाग गुरुदत्तनं या वेळी गाळला.

“म्हणजे पक्षी ठीक आहेत?” डॅरिलनं विचारलं.

“ठीक आहेत. पाऊस बरा झालाय, तू म्हणालास तसंच.”

“चांगलं झालं.” त्यानं मान हलवली. चिडला नाही.

“मग जाशील ना?”

“जाईन.”

गुरुदत्तच्या छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन तो दोनदा वरण-भात जेवला आणि वासंतीला म्हणाला, खरं बोलण्यात काही त्रास नसतो, लोक उगाच घाबरतात. वासंतीनं त्याला आणखी एक पोळी वाढली, बहुधा तोंड बंद राहावं म्हणून.

हंगाम मार्चमधल्या एका बुधवारी उघडला. गुरुदत्त त्या दिवशी घरून काम करत होता, म्हणजे पडदा सारून रस्त्याकडे बघत होता. दुपारी दोनच्या सुमाराला डॅरिलची गाडी आली. बिस्किट चिखलानं माखलेली होती आणि डॅरिल लंगडत होता, पण चेहरा प्रसन्न होता. गुरुदत्त चपला घालून बाहेर गेला.

डॅरिलनं एस्की, म्हणजे बर्फाची पेटी, उघडली. बर्फावर बदकं ओळीनं ठेवलेली होती. ती लहान होती, गुरुदत्तला वाटली होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. डॅरिलनं एक उचलून त्याच्या हातात दिलं. “ग्रे टील.” करड्या अंगाचं, पांढुरक्या गळ्याचं, पंखावर हिरवी चमक असलेलं. सहा वर्षं ते गुरुदत्तसाठी कॉलम एफ होतं. डोळा लाल असतो हे कॉलममध्ये कुठेच नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि परत जागेवर ठेवलं. मग त्यानं बदकं मोजली, कारण समोर काही दिसलं की त्याला मोजल्यावाचून राहवत नसे.

“सहाच?”

“सहा.”

“कमी मिळाली का?”

“छे. साडेनऊलाच सहा झाली होती. सातवं तर अगदी डोक्यावरून गेलं, सावकाश. बिस्किट माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी बंदूक खाली केली.”

“का पण? लिमिट सात आहे. सात खरं आहे, डॅरिल. शपथेवर सांगतो.”

डॅरिलनं फडक्याला हात पुसले. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. “असेल, मेट. तू म्हणतोस तर असेल. पण तू एक कमी लिहिलास आणि ओरडा खाल्लास. मी विचार केला, आता घाबरून एक जास्त लिहिला असला तर? मला कसं कळणार?” त्यानं एस्कीचं झाकण लावलं. “म्हणून एक सोडून दिला. यापुढे असंच करणार. कागदावर जे असेल त्यातून एक वजा.”

गुरुदत्त तिथेच उभा राहिला. चार वर्षं त्यानं कागदावर जे बदक वाचवलं होतं, ते दरवर्षी ग्लेनिसनं परत ठेवलं होतं. हे मात्र खरोखर वाचलं होतं. या घडीला ते उत्तरेच्या त्या तळ्यावर कुठेतरी पोहत असणार. आनंद व्हायला हवा होता.

“चहा घेणार?” डॅरिलनं विचारलं.

“घेतो,” गुरुदत्त म्हणाला, आणि त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेला. फ्रिजवर यंदाचा कागद लावलेला होता. त्यावर छापलेल्या सातवर डॅरिलनं पेनानं काट मारून शेजारी सहा लिहिलं होतं. घासाघीस न येणारा हा एकच माणूस गुरुदत्तला माहीत होता, आणि आता त्यालाही ती येत होती.